आतोबांची सुनावणी

आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय जन्मात कुणाला दोषी धरलं नाही, मग तो माणूस असो की मांजर. मांजरीनं दूध सांडलं तेव्हा आत्या लाटणं घेऊन धावली, तर आतोबा मध्ये उभे! "अगं, पातेल्यावर झाकण होतं का? नव्हतं ना? मग अर्धा गुन्हा तुझा." मांजर केव्हाच पसार झालं होतं, उरलेली सकाळ आत्याचं म्हणणं ऐकण्यात गेली.

कानडी मुलखात, बळेपेठेत, त्यांचं गुंड्या, रिळं आणि अस्तराचं दुकान होतं. गिऱ्हाईक कमी, फिर्यादी फार. आसपासच्या शिंप्यांत कुणाची बाही तोकडी झाली, कुणी कुणाचा कारागीर पळवला, की दोन्ही पक्ष आतोबांच्या बाकावर हजर. नियम एकच, कापड मोजायचा लोखंडी गज ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शिंपी हातवारे केल्याशिवाय बोलत नाही, त्यापायी दुकानातले दोन दिवे फुटले. निकाल क्वचितच लागे. भांडणारेच बोलून बोलून थकत आणि आतोबांची कॉफी पिऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी जात.

समोरच्या हॉटेलात बसून विक्रीकर खात्याचा एक इन्स्पेक्टर हे सगळं टिपत होता. दुकानात शिरलेलं प्रत्येक डोकं त्यानं गिऱ्हाईक धरलं. त्यातून त्या दिवशी एका कोटाच्या खटल्यात दोन्हीकडचे साडू-मेहुणे साक्षीला आलेले! त्याच्या अहवालावरून खात्याच्या साहेबांनी आतोबांच्या हिशेबाच्या वह्या बाजूला सारल्या, विक्री अंदाजानं ठरवली आणि असा हुकूम धाडला, की तो कर भरायचा तर दुकानच विकावं लागणार होतं.

आत्यानं डोळ्याला पदर लावला. आतोबा भलत्याच गोष्टीवर पेटले. "मला विचारलंच नाही? अरे, मी मांजरीचीसुद्धा बाजू घेतली!" ओळखीचा एक कारकून कुजबुजला, "अण्णा, साहेबांना घरी जाऊन स्वल्प, अगदी थोडं, भेटा, अर्ध्यावर आणतील." "अर्धं कशाला? आधी ऐका म्हणावं. मग दुप्पट लावा, सरी, चालेल!"

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मी, आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. अपिलाचा इंग्रजी अर्ज मीच लिहिला. इन्स्पेक्टरचा अहवाल दाखवला नाही, खुलासा मागितला नाही, एवढाच मुद्दा. आतोबा मात्र दुकान काढणाऱ्या आपल्या आजोबांपासून सांगत सुटले होते. "काय बी.ए., आजोबा घातलेस का?" "नाही." "मग ते ऐकणार काय, कप्पाळ?"

आजोबांवाचूनही हुकूम रद्द झाला. व्यापाऱ्याला अहवाल दाखवा, त्याची बाजू ऐका आणि नव्यानं ठरवा, असं वरून आलं.

सुनावणीला आतोबा गज घेऊनच निघाले. कचेरीच्या दारात शिपायाला ते हत्यार वाटलं. मापाचं साधन आहे हे पटवण्यातच पहिली सुनावणी पार पडली. आत नवे साहेब होते. इन्स्पेक्टरनं अहवाल वाचायला घेतला आणि चाचरला. त्याबरोबर आतोबा उठले नि गज त्याच्या हाती देत म्हणाले, "बोला अण्णा, दबू नका. साहेब, याचं पुरतं ऐकून घ्या हं!" गज घट्ट धरून त्या बिचाऱ्यानं कबूल केलं, की तो दुकानात कधी शिरलाच नव्हता. "का हो?" साहेबांनी विचारलं. "आत गेलेला माणूस दोन-दोन तास बाहेर येत नव्हता, सर."

मग आतोबांची पाळी. अस्खलित कानडीत आजोबा आले, बाक आला, कोट आला, साडू आले. मी खालून धोतर ओढत होतो. जेवणाची वेळ टळली, तरी साहेब पेन खाली ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?"

आतोबा गडबडले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. "नाही साहेब," ते हळूच म्हणाले, "झालं."

वह्या मान्य झाल्या, दुकान वाचलं. पण ते पत्र महिन्याभरानं आलं. सुनावणीच्या दिवशी आम्ही तसेच घरी परतलो. आत्या दारातच उभी होती. "काय हो, दुकानाचं काय झालं?"

"शेवटपर्यंत ऐकलं गं त्यांनी," एवढंच म्हणून ते टोपी हातात घेऊन पायरीवर बसले. मी शेजारी टेकलो. त्यांचं बोलणं आपण कधी शेवटपर्यंत ऐकलंय का, हे मी आठवून पाहत होतो, आणि मला आठवेना.