मोरपिसाची राख

नातसुनेनं बैठकीच्या भिंतीवर पिसांची चित्रं टांगली. इंग्रजांच्या काळी कुणीतरी हातानं काढलेली, आता छापून काचेत बसवलेली. त्यातल्या मोरपिसापाशी उभी राहिले आणि मला केस जळल्यासारखा वास आला.

कड्याजवळच्या आमच्या घरात असाच वास भरला होता. माझी सुमन दोन वर्षांची. श्वास लागून तिची छाती भात्यासारखी हलत होती. दवाखान्यात न्यायला मालकांनी बैलगाडी जुंपली होती. तेवढ्यात सासूनं तव्यावर मोरपीस जाळलं आणि राख मधात कालवली.

"गाडी सोड," ती मालकांना म्हणाली. "तू बी ह्याच राखंनं जगलास."

"आत्याबाई, लेकरू निळं पडलंय!" मी ओरडले.

"तू गप बस. लई शहाणी हायस."

मालकांनी बैल सोडले. सुमननं सासूचं बोट चाटलं. मध गोड लागला, म्हणून तिनं आणखी मागितला. ऊन डोक्यावर यायच्या आत ती गेली.

त्यानंतरही बाया लेकरं घेऊन सासूकडं येत राहिल्या. जी जगली, ती राखेनं जगली असं गावात अजून सांगतात. माझी सुमन त्या हिशेबात कुणी धरत नाही.