डोव्हीचे कान

डेल्मर हॅस्केट एल्क मारायला गेला आणि बायको घेऊन आला, ही गोष्ट बिटररूटच्या डोंगरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. तरी घोड्यांना नाल ठोकता ठोकता कुणीतरी ती पुन्हा काढायचंच. सप्टेंबरातली सकाळ, एल्क, ती तिकडची थोराड शिंगांची हरणं, माजावर आलेली. तरणाबांड डेल्मर डोंगराच्या एका धारेवर बसून नळीतून नराची हाळी घालत होता. समोरच्या उतारावरून मादीची हाक येत होती, मऊ, लाडिक, शेवटाला जराशी चिरकणारी. ऊन वर येईपर्यंत दोघं एकमेकांना बोलावत राहिले, झाडांच्या आडून सरकत राहिले, आणि अखेर एका पडलेल्या खोडाच्या अल्याड-पल्याड दोन माणसं उभी राहिली. दोघांच्याही हातात बंदूक. मग ती मुलगी म्हणाली, "शिंगं कुठायत तुझी?"

तीच ओर्लिन. लग्नानंतर कुणी चिडवलं की ती सांगायची, शिंगं होती, मीच उतरवून ठेवली.

डेल्मर तसा लाकूडगिरणीतल्या कामगाराचा पोरगा. करवतीच्या आवाजात वाढलेला, म्हणून की काय, त्याला शांततेची ओढ फार. ओर्लिनच्या माहेरचा धंदा शिकारी पाहुणे डोंगरात नेण्याचा. जिथे गाडीचा रस्ता संपतो तिथून घोडी आणि खेचरं घेऊन आत जायचं, नदीकाठी तंबू ठोकायचे, आणि पहिलं बर्फ जमेपर्यंत तिथंच राहायचं. हा त्या घरात शिरला तो कायमचाच. तो नराची हाळी घालायचा, बागेला पाणी घालायच्या नळीच्या तुकड्यातून. ती मादीची हाक द्यायची, नुसत्या तोंडानं. दोघांचं भांडण झालं तरी धारेवर गेलं की हाळीला हाक मिळायचीच. घरात अबोला आणि डोंगरात गप्पा, असला त्यांचा संसार. पाहुण्यांना वाटायचं ही माणसं जनावरांशी बोलताहेत. खरं म्हणजे ती दोघं एकमेकांशीच बोलत असत, जनावरं मधेच येऊन पडत.

ओर्लिन गेली त्याला दोन हिवाळे झाले. धंदा आता मुलगी बघते, ट्वायला. आईसारखीच आखूड बोलणारी, आईसारखीच हाक देणारी, आणि आईचाच नियम पाळणारी. नियम साधा होता. ज्याचे डोळे किंवा कान गेले, त्यानं बंदूकवाल्या पाहुण्याला घेऊन रानात जायचं नाही. हॉइट हा ओर्लिनचा जुना सोबती, तिच्या वडिलांच्या वेळचा वाटाड्या. त्याच्या डोळ्यांवर पडदा आला त्याच दिवशी ओर्लिननं त्याला चुलीशी बसवलं, आणि आपण रात्री रडली. तेव्हापासून हॉइट बिडाच्या भांड्यात बिस्किटं भाजतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवतो.

डेल्मरचे कान गेले होते. हे फक्त डेल्मरला माहीत होतं.

एकदम नाही गेले. एल्कची हाळी खालच्या सुरात सुरू होते, चढत चढत शीळ घातल्यासारखी बारीक होते आणि शेवटी दोन-चार हुंकार टाकून थांबते. आधी त्यातली शीळच गेली. एका पहाटे त्यानं समोरच्या गवताळ माळावर नर पाहिला. मान ताणलेली, तोंड उघडं, तोंडातून वाफ निघते आहे, आणि डोंगर अगदी गप्प. मग कुठूनतरी लांबून, पाण्याखालून यावेत तसे हुंकार आले. त्याला वाटलं, या साली एल्कच मुके झालेत. खूप दिवस तो तसंच धरून चालला. मग एकदा किटलीची शिट्टी हॉइटला ऐकू आली आणि त्याला आली नाही, तेव्हा काय ते समजला. पण बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चुलीशी बसायला त्याची ना नव्हती. बिस्किटं काय, भाजता आली असती. पण चुलीपासून धार दिसत नाही. आणि ओर्लिन, जी काही उरली होती ती, त्या धारेवर उरली होती. सकाळच्या गारठ्यात नळी तोंडाला लावली की तिची बाजू अजून रिकामी झालेली नाही असं त्याला वाटे. वेडेपणा होता. त्यालाही कळत होतं.

म्हणून त्यानं डोव्हीला बरोबर न्यायला सुरुवात केली. डोव्ही ही राखी रंगाची म्हातारी खेचरी, हातभर कानांची. गुडघा दुखतो, उतरताना आधार लागतो, असं त्यानं सांगून ठेवलं. खरी गोष्ट अशी की तो तिच्या कानांनी ऐकायचा. एल्क बोलला की तिचे दोन्ही कान ताठ होऊन त्या दिशेला रोखले जात, बोट दाखवावं तसे. अस्वल असलं की एक कान पुढे, एक मागे, आणि नाकातून फुर्रर्र. आणि घंटेची घोडी, म्हणजे जिच्या गळ्यातल्या घंटेमागं सगळी खेचरं चालतात ती, किंवा तळावरचं कुणी येत असलं, की कान सैल पडून डुलायला लागत. तसं झालं की डेल्मर म्हणायचा, "घरचं माणूस आहे."

हॉइटला त्यात फक्त थट्टेचा विषय दिसला. "डेल्मरनं दुसरं लग्न केलंय," तो पाहुण्यांना सांगे. "नवरीचे कान जरा लांब आहेत, एवढंच."

त्या साली सप्टेंबरात धूर होता. पलीकडच्या खोऱ्यात कुठेतरी रान जळत होतं आणि वारा तो धूर आणून दऱ्यांत भरून ठेवत होता. सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा, टक लावून बघता येईल असा. झाडं जवळची तेवढीच खरी, लांबची नुसती सांगोवांगी. अशा दिवसांत डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, सगळी शिकार कानांवर चालते. डेल्मर रोज सकाळी डोव्हीचा कपाळमाथा खाजवायचा आणि तिला म्हणायचा, सांभाळ बाई.

त्याच्या वाट्याला आलेला पाहुणा बर्नेल प्रुइट. ओहायोचा, जन्मभर पूल रंगवलेला माणूस. उंचावर लटकून लटकून त्याच्या बोलण्यालाही घाई राहिली नव्हती. त्याला भिंतीवर लावायला शिंगं नको होती. मिळालं तर मांस न्यावं, आणि नाही मिळालं तरी एकदा ती हाळी जवळून ऐकावी, एवढंच म्हणत होता. दोघांचं छान जमलं. अडचण एकच, की प्रुइट दर थोड्या वेळानं विचारायचा, "ऐकलंत?" डेल्मर आधी डोव्हीकडे बघायचा, मग मान डोलवायचा.

त्या दिवशी ट्वायला तिच्या पाहुण्याला घेऊन दोन धारांपलीकडच्या खोऱ्यात गेली होती. डेल्मर आणि प्रुइट तळामागची चढण चढून खिंडीत आले तेव्हा उजाडलं होतं, पण उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. हकलबेरीची झुडपं पायाशी लाल झालेली, आणि त्यांच्या पुढे सगळं पांढुरकं, दूध सांडल्यासारखं. प्रुइट एका खोडाला टेकला. डेल्मरनं नळी तोंडाला लावली आणि हाळी घातली. आपली हाळी त्याला छातीतून कळायची, कानांची गरज नव्हती. ती धुरात शिरली आणि गेली.

थोड्या वेळानं डोव्हीचे कान उतारावरल्या धुराकडे वळले. प्रुइटचे खांदे वर झाले.

"मादी असावी," तो कुजबुजला. "किती मऊ. आणि शेवटी आवाज चिरकला बघा तिचा."

डेल्मर त्याच्या ओठांकडे बघत राहिला. चिरकला. हा शब्द त्याच्या मनात कुठं जाऊन बसला ते प्रुइटला कसं कळावं? ट्वायलाची हाकही तशीच चिरकते, आईकडून उचललेली, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण ट्वायला दोन धारांपलीकडे होती. आणि त्या पांढऱ्या सकाळी, त्या न दिसणाऱ्या उतारावर, त्याला हवं होतं ते दुसरंच. त्यानं पुन्हा नळी उचलली.

खरं सांगायचं तर त्यानंतर तो शिकार करतच नव्हता. तो बोलत होता. आधी नुसती चौकशीची हाळी, मग रुसव्याची, मग ती लांबलचक, घशातून ओढून काढलेली, जी त्यानं ओर्लिन गेल्यापासून घातली नव्हती. एक हाळी घालायची, प्रुइटच्या तोंडाकडे बघायचं. आली, असं प्रुइट मानेनं सांगायचा. जवळ आली. अजून जवळ. डेल्मरचे डोळे भरून आले होते आणि धुरानं आले असं म्हणायची सोय होती. डोव्हीकडे बघायचं तो विसरला. पाहुणा बंदूक घेऊन शेजारी बसलाय हेही विसरला.

खालच्या झाडांत काहीतरी तपकिरी हललं. धूर त्याच्यावरून सरकला आणि पुन्हा झाकून गेला. प्रुइटनं बंदूक खांद्याला लावली.

लगामाला हिसका बसला तेव्हा डेल्मर भानावर आला. त्यानं मागं पाहिलं. डोव्हीचे कान ताठ नव्हते. सैल पडून दोन्ही बाजूंना डुलत होते, खालचा ओठ लोंबला होता, आणि ती मान पुढे काढत होती. मग तिनं तोंड वासलं आणि अशी रेकली की खिंड दणाणली. तेवढं मात्र डेल्मरलाही ऐकू आलं.

त्यानं प्रुइटच्या बंदुकीची नळी तळहातानं आभाळाकडे ढकलली. "माणूस आहे," तो म्हणाला. "घरचं माणूस आहे."

खालून ट्वायलाचा आवाज आला असणार, कारण प्रुइट पांढराफटक पडून ओरडला, की होय, आम्ही आहोत, वर आहोत. मग धुरातून ती आली, तपकिरी कोटातली, घोड्याचा लगाम हातात. मागं तिचा पाहुणा, ओंडक्यावर मटकन बसलेला. जळून पडलेल्या झाडांनी त्यांची वाट मधेच अडवली होती, म्हणून ती खालून वळसा घालून इकडे निघाली होती. वर नराची हाळी ऐकली आणि पाहुण्याला म्हणाली, चला, याला बोलावू. तिच्या पाहुण्यानं तर हाळीच्या दिशेनं नेम धरून ठेवला होता. डोव्ही रेकली म्हणून तिनं त्याचा हात धरला.

दोन्ही पाहुण्यांना कॉफीचा थर्मास देऊन तिनं बाजूला बसवलं आणि बापाजवळ आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मी होते ती."

तिचे ओठ बघून त्यानं मान हलवली.

"आईची हाक होती ती. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर समजू शकते. तुला नाही कळली?"

धुरात आवाज फिरतो, असं म्हणता आलं असतं. तिनं ते मानलंही असतं, कारण तिला मानायचंच होतं. डेल्मरनं मूठ उघडली.

"मला ऐकूच आली नाही, ट्वायला. गेल्या सालापासून येत नाही. प्रुइट म्हणाले आवाज चिरकतो, तर मला वाटलं…" तो थांबला. "मला वाटलं, ती आलीये."

ट्वायलानं डोव्हीकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्याकडे, आणि तिच्या ध्यानात सगळं आलं. ती खाली बसली. हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "आणि मी काय मोठी कानांची?" ती म्हणाली. "मला वाटलं, काय नर आहे! असा नर या डोंगरात मी ऐकलाच नाही कधी. इतका दुःखी."

यापेक्षा मोठी शाबासकी डेल्मरला जन्मात मिळाली नव्हती, आणि ती ऐकताना त्याच्या काळजाचं पाणी होत होतं. दोन बंदुका, मधे धूर, आणि त्याच्या वेडापायी पोर नेमावर चालत येत होती. त्यानं नळी तिच्या मांडीवर ठेवली. मी उद्यापासून हॉइटकडे, म्हणाला. ती नाही म्हणाली नाही. तिच्या आईनंही म्हटलं नसतं. फक्त तिनं ती नळी दोन्ही हातांनी धरली, आणि बापाकडे बघितलं नाही.

पाहुणे उठून खोगीर आवळायला लागले. धूर हळूहळू पातळ होत होता, समोरची धार उगवल्यासारखी वर येत होती. डेल्मर निघेना.

"एकदा घाल," तो म्हणाला.

"काय?"

"आईची हाक."

"बाबा, तुला नाही ऐकू यायची."

"ठाऊक आहे मला. घाल तू."

ट्वायला चार झाडं पलीकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. डेल्मरनं डोळे मिटले आणि डोव्हीच्या कानावर तळहात ठेवला. कान ऊबदार होता, केसाळ, आतून मऊ. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो कान त्याच्या हाताखाली हलला, वळला आणि सैल पडला.

"हं," डेल्मर म्हणाला. "घरचं माणूस आहे."