शेखबाई आधी चाखायच्या

परदेशात माझ्या ताटातला पहिला घास मी कधी खाल्ला नाही. ताट समोर आलं की शेखबाईंचा हात पुढे यायचा. चमच्याचं टोक बुडवून त्या जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या. "खावा बाई, मासा न्हाई." नाहीतर, "ठेवा खाली. हाय." थायलंड, व्हिएतनाम या बाजूला मिठाच्या जागी माशाचं खारं पाणी घालतात, अगदी साध्या पालेभाजीतसुद्धा. मी कुलकर्ण्यांच्या घरातली, जन्मात अंडंही न खाल्लेली. मला तो वास ओळखायला येईना. शेखबाईंना मासा चालायचा. मटण मात्र हलाल असल्याची खात्री नसेल तर त्या तोंडात घालायच्या नाहीत. माझ्यासाठी त्या मासाही मागवायच्या नाहीत, त्यामुळे बाहेरदेशी आम्ही दोघी शाकाहारीच. त्यात चाखायचं काम त्यांचं आणि कुरकुर करायचं माझं.

जामखेडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग असायचा, माझ्याकडे चौथीचा. त्यांनी घडवलेली पोरं मी पुढे बिघडवते, असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या. उभी नोकरी शेजारी काढली, पण एकमेकींना कधी अगं-तुगं केलं नाही. त्या मला बाई म्हणायच्या, मी त्यांना शेखबाई. त्यांचे मिस्टर फार लवकर गेले. माझे निवृत्तीनंतर गेले. मी घरात बसून भिंतीकडे बघत राहते हे पाहून एक दिवस त्या पासपोर्टचे फोटो काढायलाच घेऊन गेल्या. "पेन्शन हाय, पाय हायेत. पाय गेल्यावर पेन्शन काय करायची?" असं सुरू झालं. श्रीलंका झाली, मग थायलंड, व्हिएतनाम, उझबेकिस्तान. गावात लोक म्हणायचे, दोघींना म्हातारचळ लागलाय. शेखबाईंना ते कळलं की त्या आणखी एका देशाची चौकशी करायच्या.

निघायच्या आधी मात्र त्या एक गोष्ट न चुकता करायच्या. रिक्षा कब्रस्तानाच्या भिंतीशी थांबवायच्या. बायका आत जात नाहीत, म्हणून बाहेर रस्त्यावरच उभ्या राहायच्या, ओंजळ धरून दुवा मागायच्या आणि मला बोट करून दाखवायच्या. "त्या लिंबाखाली ह्यांची. शेजारची माझी. आसिफला सांगून ठेवलंय, कुनाला देऊ नको." आसिफ त्यांचा एकुलता मुलगा, बीड रस्त्याला त्याचं टायरचं दुकान आहे. चौथीत माझ्याच हाताखाली होता.

ती जागा अजून रिकामी आहे. शेखबाईंची माती झाली कंबोडियात, आणि ती करून आले मी. त्यावरून गावात मला बोल लावतात. ब्राह्मणाच्या बाईने शेखबाईला परमुलखात पुरून टाकली, असं माझ्या कानावर आलंय. लोकांच्या बोलण्याला मी भीक घालत नाही. पण आपण त्यांचं नीट केलं का, हा प्रश्न माझ्याही पोटात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

कुठल्याही गावात उतरलं की शेखबाई आधी भाजीबाजार विचारायच्या. देवळं, राजवाडे कुठे पळून जात नाहीत, बाजार मात्र दहा वाजता उठतो, असं त्यांचं म्हणणं. व्हिएतनाममध्ये त्यांना शेवग्याच्या पाल्याची जुडी दिसली, तेव्हा त्या ती छातीशी धरून उभ्या राहिल्या. भाषेची अडचण त्यांना नव्हतीच. त्या सरळ मराठीत बोलायच्या, तेही वर्गावरच्या आवाजात. "काय गं, हे बेडूक खाता व्हय तुमी? पोरं खातात का आवडीनं?" समोरची बाई तिच्या भाषेत लांबलचक उत्तर द्यायची, शेखबाई मान डोलवायच्या आणि मला सांगायच्या, "धाकटा खात न्हाई म्हनती." खरं-खोटं देव जाणे.

उझबेकिस्तानात आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिथे सगळंच हलाल. शेखबाईंनी पहिल्या दिवशी पुलावाची रास समोर घेतली आणि मला पार विसरून गेल्या. मी आपली तंदूरची रोटी आणि खरबूज, खरबूज आणि रोटी. चौथ्या दिवशी मी फुगून बसले. त्या शांतपणे हात धुऊन आल्या नि म्हणाल्या, "बाई, इतके देश तुमच्यासाठी गवत खाल्लं मी. आठ दिवस मला जेवू द्या." बरोबरच होतं त्यांचं. तरी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही, कारण माझा स्वभावच तसा.

नमाज त्यांनी कुठेही चुकवली नाही. विमानतळाच्या कोपऱ्यात, एकदा तर नदीतल्या होडीवर. मोबाईल दिशा दाखवायचा, मी पिशव्या सांभाळत बसायची. पूर्वेकडे कितीही लांब गेलं तरी तोंड पश्चिमेलाच करायचं, याचं त्यांना फार बरं वाटे. "मक्केच्या वाटेत जामखेड लागतं," त्या म्हणायच्या. "एका नमाजात दोन्ही घरं व्हत्यात."

आमच्या या चाखण्याच्या पद्धतीने आम्हाला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. हनोईत पाऊस लागला होता, एका घरगुती खानावळीत आम्ही शिरलो. भाजी घातलेलं गरम नूडल्सचं पाणी आलं. शेखबाईंनी चाखलं. "मासा न्हाई. खावा." दोघींनी वाटी चाटूनपुसून संपवली, वर आणखी मागून घेतली. मग मालकिणीची कॉलेजातली मुलगी आली, तिला मी कौतुकाने विचारलं, यात घालता काय? तिने मोबाईलवर डुकराचं चित्र काढून दाखवलं. हाडं रात्रभर उकळतात म्हणे. शेखबाईंना मासा कळायचा, पण डुकराची चव त्यांना कळणार कशी? आणि मला तर काहीच कळणार नव्हतं. त्या उठून बाहेर गेल्या, पावसात उभ्या राहून चुळा भरत राहिल्या. मी दारात ओकारी येईना म्हणून रडत होते. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुमचं गेलं आनि माझंबी गेलं," त्या म्हणाल्या. "नीयत साफ हुती. आता घरी दोघींनी सांगायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजा धरला. मीही काही खाल्लं नाही. त्या दिवसानंतर आमच्यातलं अंतर कमी झालं, असं मला वाटतं.

कंबोडियाला जाताना आसिफ कुरकुरत होता. अम्मीला जिना चढताना दम लागतो, असं त्याचं म्हणणं. त्या ऐकणार थोड्याच. अंकोरवाटच्या देवळाच्या उंच पायऱ्या त्या बसत-उठत चढल्या. वर पोचल्यावर गार वाऱ्याला बसून म्हणाल्या, "बाई, आपन खर्ड्याचा किल्ला कधी नीट बघितला का? घरापाशी हाय. गेल्यावर जाऊ." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नमाज केली, चहा घेतला आणि छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाल्या. लॉजच्या मालकाने टुकटुक आणली, ही तिकडची रिक्षा. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. रस्त्यात एका ठिकाणी त्या जड झाल्या. मला कळलं, तरी मी त्यांना दवाखान्यापर्यंत "आलंच हं, आलंच" म्हणत राहिले.

आसिफला फोनवर सांगितलं. तो रडला नाही. मग मी त्याला दवाखान्यातल्या माणसांनी सांगितलं ते सगळं सांगितलं: शरीर भारतात न्यायला पुष्कळ दिवस जातील, तोवर बर्फाच्या पेटीत ठेवावं लागेल, अंगात औषधं भरावी लागतील. तो मौलानांशी बोलला, घरच्यांशी बोलला आणि त्याचा परत फोन आला. "बाई, अम्मीला इतके दिवस पेटीत न्हाई ठेवायचं. तिथं आपली मानसं हायेत का बघा. त्यांच्या हातनं हू द्या." त्या लिंबाखालच्या जागेचं त्याला आठवलं असणारच. तो बोलला नाही आणि मलाही विचारवलं नाही.

लॉजचा मालक म्हणाला, नदीकडे मुसलमानांची वस्ती आहे, चाम लोक म्हणतात त्यांना. मी तशीच गेले. डोक्यावरून ओढणी घेतली होती, कारण मशिदीत जायचं होतं. तिथल्या एका शिक्षकाला थोडं इंग्रजी येत होतं, त्याला सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला आणि लगेच माणसं बोलावली. कोण, कुठली, पैसे कोण देणार, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. दवाखान्याचे कागद त्याच मंडळींनी माझ्याबरोबर हिंडून पुरे केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेखबाईंना एका घरामागच्या आडोशाला आणलं. बाईला बाईच न्हाऊ घालते. तिथल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यातल्या पान खाणाऱ्या म्हातारीने माझ्याकडे बघून दोन बोटं शेजारी धरली आणि भुवया उंचावल्या. बहीण का, असं विचारत होती. मी हो म्हणून मान हलवली. त्यावर तिने माझ्या हातात पाण्याचा मग दिला, कारण जवळच्या बाईने पाणी घालायचं असतं. मी कुलकर्णी आहे हे त्या घडीला मला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर मला बाजूला उभं राहावं लागलं असतं, आणि शेखबाईंच्या जवळ ओळखीचा एकही हात उरला नसता. मी तो मग हातात धरला.

म्हातारी दाखवेल तसं मी पाणी घालत गेले. वर चादर धरली होती, त्या बायकांनी मर्यादा जराही ढळू दिली नाही. आधी उजवी बाजू, मग डावी. त्यांचे केस मोकळे सोडले. इतकी वर्षं शेजारी काढली, पण शेखबाईंचे केस मी मोकळे कधी पाहिले नव्हते. अजून चांगले लांब होते. तिथे माझा धीर सुटला. म्हातारी ओरडली नाही, तिने माझ्या कोपराला धरून हातातला मग सरळ केला आणि दुवा पुटपुटत राहिली. पुढे पुरुषांनी खांदा दिला. कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर बायकांबरोबर मी उभी राहिले.

जामखेडला आले ती घरी न जाता त्यांची बॅग घेऊन आसिफकडे गेले. घर माणसांनी भरलं होतं. एक नातेवाईक बाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "शेवटाला जवळ आपलं कुनी न्हाई, गोत न्हाई. बिचारी." आसिफने तिला गप्प केलं नाही. मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि खाली बघून विचारलं, "अम्मीला न्हाऊ कुनी घातलं?"

मी सगळं सांगितलं. चाम बायका, ती म्हातारी, दोन बोटं, माझी मान, हातातला मग. काही वगळलं नाही. सांगताना मला भीती वाटत होती, हा आता म्हणेल, तुमी कशाला हात लावला? तसं म्हणायचा त्याला अधिकार होता. तो खाली बसला. बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिला. मग त्याने विचारलं, "बाई, पानी गार तर नव्हतं?"

"नाही रे," मी म्हटलं. "चुलीवर तापवलेलं होतं. कोमट."

तेव्हा कुठे आसिफ रडायला लागला.