जावयांचा इम्पॅक्ट ड्रायव्हर

जावयांनी इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू पिळणारं यंत्र, आणल्यापासून लेकीच्या घरात एकही स्क्रू सुखाने बसलेला नाही. परवा कपाटाला आरशाचं दार लावायचं होतं. सुताराची बायको मी, न राहवून बोलले, "जावईबापू, बिजागरीचे स्क्रू बारीक, फळी भुशाची. ड्रिल घ्या, पुढची रिंग कमी आकड्यावर ठेवा. स्क्रू बसला की ते जोर लावायचं थांबतं."

"आई, ड्रिल भोकं पाडायला असतं!" म्हणत त्यांनी तडतडाट सुरू केला. फळीचा भुगा झाला, स्क्रू जागच्या जागी गरागरा फिरू लागला.

"फळीच भिकार," ते म्हणाले.

इतका वेळ दार पेलून धरलेली लेक ओरडली, "फळीला नंतर शिव्या घाला, आधी हे धरा!"

आमचे हे येईपर्यंत जावयांनी दार धरलं. तेवढं मात्र त्यांना छान जमलं.