प्रत्येक कटाला गुलाब

लग्नाचं शूटिंग नवरा करतो आणि एडिटिंग मी. विट्यात आमचा एक गाळा आहे, त्यातच मागे पार्टिशन टाकून माझी खोली केली आहे. 'गिऱ्हाइकांनी आत येऊ नये' असं दारावर लिहून ठेवलंय. ते आजवर एकाही गिऱ्हाइकानं मनावर घेतलेलं नाही.

एका लग्नातल्या नवरीच्या काकांनी तर पाटी मोठ्यानं वाचली, हसले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले. काकांचा तिकडं दक्षिणेत गलाईचा धंदा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याचा तो धंदा, आमच्याकडची निम्मी माणसं त्यातच बाहेर पडलेली. पुतणीच्या लग्नासाठी ते गावी आले होते आणि थोरल्या भावासाठी थांबले होते. थोरले, म्हणजे नवरीचे वडील, लग्नाच्या तोंडावर मिरजेच्या दवाखान्यात दाखल झाले आणि बायपास करावी लागली. मुहूर्त हलवायचा नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. ते अतिदक्षता विभागात, तिथं मोबाईल चालत नाही, आणि इकडं पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या. आता ते घरी आले होते. पोरीचं लग्न ते पहिल्यांदा बघणार होते ते मी केलेल्या फिल्ममध्ये.

"दादाला झकास दिसाय पायजे ताई," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "मांडवातच बसल्यागत."

मला माणूस आवडला. तो पहिला कट बघेपर्यंतच.

आमचे तीन कॅमेरे असतात. एक स्टेजसमोर, एक बाजूला, एक गर्दीत फिरता. तिन्हींचं फुटेज आवाजावर जुळवून एकाखाली एक लावायचं आणि ज्या क्षणी जो कॅमेरा चांगला, तो उचलायचा. समोरून नवरी दिसते, कट, बाजूनं नवरी दिसते. डोळ्याची पापणी लवते तसं झालं पाहिजे, बघणाऱ्याला कळताच कामा नये. माझी सगळी कारागिरी एवढीच, आणि नेमकी तीच काकांना खुपली.

"हितं एकदम उडी मारतंय बगा. लय कोरडं वाटतंय. मधी कायतर टाका की."

मी समजावलं, की मध्ये फूल किंवा धूर टाकला की बघणाऱ्याला वाटतं, बराच वेळ गेला. सकाळची दुपार झाली, हळदीतून लग्नात आलो, तर ठीक आहे. इथं तोच क्षण आहे, नुसती जागा बदलली.

"व्हय व्हय, बराबर हाय तुमचं," काका म्हणाले. "पर गुलाब टाका."

टाकला. मग दुसऱ्या कटाला टाकला. मग त्यांना कळलं, की माझ्याकडं बदामसुद्धा आहे, पान उलटल्यासारखंही करता येतं आणि काच फुटल्यासारखंही. काच मी साफ नाकारली. मंगलाष्टकांत एक कॅमेरा दुसऱ्यात विरघळवायचा हट्ट धरला, तर भटजींना चार हात आले आणि नवरीला दोन नाकं. "द्येवागत दिसत्यात की," काका खूश. अक्षता कुठल्या आणि पाकळ्या कुठल्या, काही कळेना. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, यापुढं एकच कॅमेरा घेऊन जा, तोही तुटका. नवरा हसला. त्याला काय, त्याच्या शेजारी काका थोडेच बसत होते!

काका रोज चहाच्या वेळेला यायचे आणि जेवायच्या वेळेला जायचे. माझं डोकं भणभणायचं. एवढं जीव तोडून जुळवायचं आणि वर हा फुलांचा सडा घालायचा, म्हणजे घर सारवून त्यावर कोंबड्या सोडण्यातलाच प्रकार.

मग आम्ही कन्यादानाशी आलो. कन्यादानाला जोडपं लागतं. वडील दवाखान्यात, म्हणून आईही बाजूला उभी राहिली आणि पाटावर काका-काकू बसले. पोरीच्या हातावर काकांनी पाणी सोडलं. समोरच्या कॅमेऱ्यात हे फार सुंदर आलं होतं. मी तेवढं एकसलग ठेवायचं ठरवलं होतं आणि भांडायला तयार होते.

"हितं गुलाबाचा पडदाच टाका," काका म्हणाले. "नुसतं हात दिसूंद्यात. मी दिसाय नगो."

"का हो? एवढं चांगलं आलंय."

काका पडद्याकडं बघत होते. "दादा तकडं मरणाच्या दारात आनि मी त्याच्या पाटावर बसलोय. कसं दिसंल ते त्याला?"

माझं भांडण जागच्या जागी बसलं. मी बाजूच्या कॅमेऱ्यातले नुसते हात घेतले, वर पाकळ्या सोडल्या. काका उठले आणि त्या दिवशी लवकर गेले.

फिल्म दाखवायला मीच लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले आणि टीव्हीला जोडून दिला. थोरले खुर्चीत, खोकला आला तर टाके दुखू नयेत म्हणून छातीशी उशी धरून बसलेले. काका दाराला टेकून उभे. थोरले गुलाब, बदाम, चार हातांचे भटजी, सगळं गप बघत होते. कन्यादान आलं. पाकळ्या पडू लागल्या.

"थांबवा," ते म्हणाले. "ह्ये हात कुनाचं?"

नवरीची आई पदराशी चाळा करत राहिली.

"ताई, फुलं बाजूला घ्या."

मी काकांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. पण फिल्म ज्याच्यासाठी केली, तो माणूस खुर्चीत बसला होता. मी पाकळ्यांचा थर बंद केला आणि समोरचा कॅमेरा लावला. पडद्यावर काका आले. तांब्या धरलेला हात थरथरत होता आणि काकूंनी खालून त्यांचं मनगट धरलं होतं.

थोरल्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग उशी जराशी सैल करून म्हणाले, "येवडं कशापायी कापत हुतास रं?"

"तुमच्या पाटावर बसल्यालो दादा."

"ठावं हाय मला. नर्सबाईनं कानात येऊन सांगितलं, भाऊ बसला म्हनून. तवा कुटं माझा डोळा लागला. त्येच बघाय बसलोय न्हवं का मी मगापासनं!"

काकांनी नाक ओढलं, बाहीनं तोंड पुसलं, आणि एकदम माझ्याच अंगावर खेकसले, "आवं ताई, बघत काय बसलाय? समदी फुलं काडा ती!"