बाण कोण मोठा करतं?

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पंचिंगवाल्या काकू कामाला लागल्या होत्या. पंचिंग म्हणजे भरतकामाच्या मशिनसाठी नक्षी तयार करणं. कागदावरचं फूल लॅपटॉपवर घ्यायचं आणि सुई कुठे शिरेल, कुठून निघेल ते माउसने एकेक ठिपका देऊन ठरवायचं. ठिपका केसभर सरकला की पाकळीचं टोक बोथट होतं आणि कारखान्यातून फोन येतो. अठरा वर्षं त्या हेच काम करतायत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, उशी ठेवलेल्या लाकडी खुर्चीवर.

गेल्या वर्षी त्यांच्या माउसचा बाण रोज सकाळी अंगठ्याएवढा होऊन बसायला लागला. त्याच्याखाली अख्खी पाकळी झाकली जाई. काकू सेटिंगमध्ये जाऊन पट्टी मागे ओढत, बाण पूर्ववत करत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"या मेल्याला रात्रीतून काय खायला मिळतं कोण जाणे!" त्या लॅपटॉपला झापत. समोर बसलेले काका चहा पीत राहत.

शेवटी त्यांनी चौकातल्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

"भूतबीत शिरलंय का रे यात?"

"भूत सेटिंग उघडत बसत नाही, काकू," तो म्हणाला. "टचस्क्रीन आहे ना, आपोआप दाबली जात असणार. तुम्ही कधी बोट लावता स्क्रीनला?"

"छे! मी माउसवाली."

"मग टच बंदच करून टाकतो. कटकट मिटली."

खरंच मिटली. बाण पुन्हा वाढला नाही. काकूंनी त्याला चहा पाजला आणि चार घरी त्याचं नाव सांगितलं. घरात आणखी कोण लॅपटॉप वापरतं, हे त्याने विचारलं नाही. काकूंनाही सांगावंसं वाटलं नाही.

वापरत होते काका. ते एका कंपनीत साहेबांची गाडी चालवत. ड्यूटीवर जाण्याआधी पहाटे लॅपटॉपवर पेपर वाचायची त्यांची जुनी सवय. टच बंद झाल्यावर आठवडाभरात ती सुटली.

"बातम्यांत काय ठेवलंय? तेच ते," ते म्हणाले.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "पेपर बंद, म्हणजे तुमची मतंही बंद. सकाळी शांतता तरी."

त्यानंतर आठ महिन्यांनी काकांनी कंपनीच्या फाटकाच्या खांबाला गाडीची डावी बाजू घासली. रोजचंच फाटक, रोजचाच खांब. दिसला नाही, एवढंच ते सांगू शकले. साहेबांनी डोळे तपासायला धाडलं. काकू सोबत गेल्या.

काचबिंदू निघाला. "गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची," डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. "सात-आठ महिने आधी आला असतात तर बरीच वाचली असती. काहीच जाणवलं नाही?"

काका चष्म्याच्या घराचं झाकण उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "लॅपटॉपवरचा बाण सापडायचा नाही. बोटाने सेटिंग उघडून मोठा करून घ्यायचो. पुढे बोट चालेनासं झालं."

रिक्षात बसल्याबसल्या काकू काकांकडे वळल्या.

"मला सांगायला काय झालं होतं हो?"

"तू रोज त्या बाणाला झापायचीस. मी केलाय म्हटलं असतं तर का केला, हेही विचारलं असतंस."

"विचारलंच असतं!"

"मग डोळे दाखवावे लागले असते. आणि गाडी गेली असती."

गाडी तशीही गेलीच. काकू आता कोणालाही ही हकिकत सांगताना डॉक्टर, खांब सगळं भरभर उरकतात आणि एका जागी थांबतात. 'अहो, हा बाण तुम्ही मोठा करता का?' एवढंच विचारायचं होतं, त्या म्हणतात. दुरुस्तीवाल्याला विचारलं, शेजारणीला विचारलं, समोर बसलेल्या माणसाला नाही.

दुरुस्तीवाला काल येऊन गेला. त्याने टच सुरू केला आणि काकांसाठी लॅपटॉपवर वेगळं खातं उघडून दिलं. त्यात बाण सगळ्यात मोठा, पिवळा. काकूंच्या खात्यात तो सुईच्या टोकाएवढाच राहतो. या वेळी त्याने चहा घेतला नाही.

उद्या सकाळी सहा वाजता काका डोळ्यांत थेंब घालतील. सातपर्यंत लॅपटॉप त्यांच्याकडे असेल, त्यानंतर काकूंकडे. नऊला ते बसने कंपनीत जाऊन गाडीची किल्ली जमा करतील.