अर्ध्यावरच अडणारी हार्ड डिस्क

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नवी नवरी असताना सासूबाई म्हणाल्या, "चिंचेखाली जाऊ नकोस"... तर ही बाई मुद्दाम गेली आणि ओटीभर चिंचा घेऊन आली! मोठी विज्ञाननिष्ठ! नंतर आठवडाभर घसा बसला, पण कबूल केलं नाही. हसायचं असेल तर आधी त्या नवरीला हसा, मग आताच्या मला.

मुलुंड पूर्व, तिसरा मजला. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. व्हिडिओ काढायचं भारी वेड – सोसायटीचा गणपती, माझं भाजीवाल्याशी भांडण, काहीही. सगळं त्यांच्या जुन्या कम्प्युटरवर. गेल्या थंडीत तो आचके देऊ लागला, म्हणून माझी नात सई घाटकोपरहून आली. इंजिनिअर आहे.

"आजी, हा मरायच्या आत आजोबांना बाहेर काढू."

ह्यांच्या खणात दोन टीबीची कोरी हार्ड डिस्क निघाली. ह्यांच्याच टेबलावर सईने ती लॅपटॉपला जोडली... तर दिसे एकच टीबी.

"जागा आहे गं, नुसती वापरात घेतलेली नाही." स्क्रीनवर एक लांब पट्टी होती, अर्धी निळी, अर्धी काळी. सईने काहीतरी दाबलं, पट्टी सगळी निळी. झकास! दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा अर्धी काळी.

केबल बदलली, लॅपटॉप बदलला. स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे पूर्ण दोन टीबी. सईच्या घरी पूर्ण. इथे ह्यांच्या टेबलावर आणली की अर्धी!

शेवटी सई वैतागली. "वाट लागली यार. मी ही डिस्क घाटकोपरलाच घेऊन जाते. तिथे सगळं मावेल."

बरोबरच होतं तिचं. पण तो अर्धा भाग माझ्या ओळखीचा होता.

लग्नानंतर पलंगावरून मी फार भांडायचे. मध्ये लोड ठेवून हद्द आखली होती – अर्धा तुमचा, अर्धा माझा! वर रोजचं टुमणं, "अहो, सरका की जरा." हे झोपेतच सरकायचे. बोटभर. बोटभरच! आता अख्खा पलंग माझा. निजते मधोमध, उठते ती माझ्याच कडेला.

सई चहा ठेवायला आत गेली. मी लॅपटॉपसमोर बसले आणि हळूच म्हणाले, "अहो, सरका की जरा."

काळी पट्टी सरकली. बोटभर.

मी ओरडून हाक मारली, तशी सई धावत आली. "कशाला हात लावलास?"

"मला काय येतंय त्यातलं?"

ती वाकून बघतच राहिली. "असं आपोआप होतच नाही, आजी."

"तू व्हिडिओंना दुसरी डिस्क आण. ही इथून हलायची नाही."

"अगं, पण अर्धी वाया जातेय ना!"

"जाऊ दे."

व्हिडिओ आता नव्या डिस्कवर सईकडे आहेत. ही इथेच, ह्यांच्या टेबलावर, सईच्या जुन्या लॅपटॉपला जोडलेली. पट्टी का सरकली, याचं कारण तिला अजून सापडलेलं नाही, मला तर नाहीच. तुम्हाला सापडलं तर तिला सांगा, मला नको.

ती सारखी मागे लागते, "आजी, पुन्हा एकदा 'सरका' म्हणून बघ ना. प्रयोग म्हणून!"

नाही म्हणत मी. बोट-बोट सरकत सगळीच पट्टी निळी झाली, तर...?